तिसऱ्या किलोवॅटचा हिशेब

२०२४ च्या मे महिन्यात अकोला जिल्ह्यात १४४ कलम लागले. दंगा नव्हता, मोर्चा नव्हता, ऊन होते. पारा ४५ च्या वर गेला तसे जिल्हा प्रशासनाने महिनाअखेरपर्यंत आदेश काढले. कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे द्या म्हणून आस्थापनांना बजावले, भरदुपारी मुलांना बोलावू नका म्हणून शिकवणी वर्गांना सांगितले. अमरावतीचे ऊनही काही वेगळे नाही. अशा मुलखात छतावरचे सोलर परवडते का, हे विचारायची गरजच काय, असे कुणालाही वाटेल. ऊन रग्गड आहे, फुकट आहे, वरून सरकार पैसे देते.

तरीही एकाच गल्लीतल्या दोन घरांचा हिशेब अगदी वेगळा निघतो. छप्पर तेच, ऊन तेच, प्लेटा त्याच कंपनीच्या. एकाचे पैसे तीन वर्षांत वसूल होतात, दुसऱ्याला सात लागतात. फरक पडतो तो लाईट बिलातल्या टप्प्यांमुळे. वऱ्हाडात सोलरचा नफा आकाशातून कमी आणि महावितरणच्या दरपत्रकातून जास्त येतो. या लेखात सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. बाकी सगळे त्याच्या खटल्यातले पुरावे.

दरपत्रक आधी पाहू. महावितरणच्या घरगुती ग्राहकाला २०२४-२५ मध्ये वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना सहा रुपयांना थोडे कमी पडत होते. १०१ ते ३०० या टप्प्यात तोच दर साडेअकराच्या घरात जात होता, ३०० च्या पुढे पावणेसोळाच्या आसपास, ५०० ओलांडले की त्याहून वर. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या शंभरातले युनिट हाती पडेपर्यंत पावणेसात रुपयांचे आणि तीनशेच्या पुढचे अठरा रुपयांचे होते. प्लेट मात्र युनिट बनवताना ते सात रुपयांचे की अठरा रुपयांचे हे पाहत नाही. ते ठरते तुम्ही कोणते युनिट वाचवले यावर.

वऱ्हाडातले घर वर्षभर एका टप्प्यात राहत नाही, हे यातले खरे मर्म. दिवाळी ते होळी पंखासुद्धा बंद असतो. दोन दिवे, टीव्ही, फ्रिज, सकाळची मोटर. दीड-पावणेदोनशे युनिटांत काम भागते. होळी झाली की कुलर माळ्यावरून खाली येतो, नव्या ताट्या बसतात आणि जूनमध्ये मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो दिवसरात्र घोंघावत राहतो. कुलरचे म्हणाल तर दोनशे वॉटचा कुलर सोळा तास चालला तरी तीन-सव्वातीन युनिटे. दोन खोल्यांत दोन कुलर आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत रात्री सात-आठ तास दीड टनाचा एसी, एवढे झाले की महिना चारशेवर जातो. एरवी अठराशेचे येणारे बिल मग पाच हजारांच्या वर. बापू गावाहून आले म्हणून एसी घेतला, असे सांगणाऱ्या घरात मे महिन्याचे बिल पाहून बापूंचाच आवाज बंद होतो.

असे एक मध्यम घर हिशेबाला घेऊ. मार्च ते जून महिना ४०० युनिटे, उरलेले आठ महिने १७५. वर्षाची ३,००० युनिटे, वरच्या दराने वर्षाचे बिल ३६,००० रुपयांच्या आसपास. आता छतावर काय बसवायचे?

फेब्रुवारी २०२४ पासून ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि तिथे पूर्णविराम. पाच किलोवॅट बसवले तरी अनुदान ७८,०००. त्यासाठी प्लेटा भारतीय सेलच्या लागतात, म्हणून त्या साध्या प्लेटांपेक्षा महाग पडतात. तीन किलोवॅटचा भाव स्ट्रक्चर आणि कंपनीनुसार एक लाख ऐंशी हजार ते दोन लाख दहा हजार असा सांगितला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधीचे कोटेशन हातात असेल तर नवे मागून घ्यावे. आपण मधला आकडा धरू: तीन किलोवॅटला १,९५,०००, अनुदान वजा जाता खिशातून १,१७,०००. दोन किलोवॅटला १,४०,०००, अनुदान ६०,०००, खिशातून ८०,०००.

एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिटे देतो, हे महावितरणपासून गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळे सांगतात. धूळ, उष्णता, लाईन जाणे हे जमेला धरून मी वर्षाला १,४०० धरतो. तीन किलोवॅटची ४,२०० युनिटे, दोनची २,८००. वापर ३,००० आहे, तेव्हा दोन किलोवॅट जवळजवळ पुरतात असे दिसते. इथेच एक मेख आहे.

नेट मीटरिंगमध्ये दुपारी जास्त झालेले युनिट लाईनवर जाते, रात्री लागेल तेव्हा परत येते. बिलावर दोन्ही आकडे छापून येतात, आयात आणि निर्यात. एका महिन्यात जास्त निर्यात झाली तर ती युनिटे पुढच्या महिन्याच्या खाती जमा होतात. पण ही जमा ३१ मार्चला संपते. त्या दिवशी शिल्लक राहिलेली युनिटे वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतली जातात आणि तो दर तुम्ही मोजत असलेल्या दराच्या मानाने किरकोळ असतो. १ एप्रिलला पाटी कोरी. वऱ्हाडाचा उन्हाळा पेटतो तोही एप्रिलमध्येच. हिवाळाभर गोळा केलेली युनिटे ऐन गरजेच्या तोंडावर मातीमोल होतात. आर्थिक वर्ष ठरवणाऱ्यांनी कुलरचा विचार केला नव्हता, त्याला कोण काय करणार? हेच वर्ष सप्टेंबरअखेर संपत असते तर इकडच्या प्रत्येक सोलरवाल्या घराचे दोन-चार हजार वाचले असते.

त्यामुळे आपल्या घरी दोन किलोवॅट असतील तर एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांत साडेसातशेच्या आसपास युनिटे बनतात आणि बाराशे लागतात. महिन्याला दीडशे युनिटांचे बिल येते, दीड हजाराच्या आत. उरलेल्या महिन्यांत स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क, दीडशे रुपये. वर्षाला एकूण पावणेसहा-सहा हजार. म्हणजे बचत ३०,०००, गुंतवणूक ८०,०००. तीन वर्षे पुरी व्हायच्या आत वसूल.

तीन किलोवॅट घेतले तर उन्हाळाही जवळजवळ फिटतो, आणि मार्चअखेर बाराशे-तेराशे युनिटे उरतात. हिशेबापुरते त्यांना ३ रुपये धरले तर एकूण फायदा ३८,००० च्या आत-बाहेर. १,१७,००० वसूल व्हायला तीन वर्षांच्या थोडे वर. दोन्ही सौदे चांगलेच दिसतात. पण तिसरा किलोवॅट वेगळा काढून पाहा. त्याच्यासाठी जादा ३७,००० गेले आणि तो वर्षाला जेमतेम ८,००० देतो. पहिले दोन पावणेतीन वर्षांत पैसे परत करतात, तिसरा साडेचार-पाच वर्षे घेतो. वाईट नाही, पण तो पहिल्या दोघांच्या जोरावर खपवला जातो. ७८,००० हा आकडा इतका गोड आहे की महिना दीडशे युनिटे वापरणारेही तीन किलोवॅटच मागतात, आणि विकणारा त्यांना का अडवेल? पुढे एसी घ्यायचा आहे, मुलीला इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची आहे, असे खरेच ठरले असेल तर तिसरा किलोवॅट शहाणपणाचा. नसेल तर आधी बिलावर छापलेला मागच्या बारा महिन्यांचा वापर बघावा, त्याची बेरीज करावी आणि १,४०० ने भागावे.

आता उन्हाकडे वळू, कारण त्याच्याबद्दलचा गैरसमज सार्वत्रिक आहे. प्लेटेला हवा असतो उजेड. उष्णता तिची वैरी. तिची क्षमता मोजतात ती सेलचे तापमान २५ अंश धरून. त्यावर प्रत्येक अंशाला एक तृतीयांश टक्क्याच्या आसपास उत्पादन घटते. नवतपात बाहेर ४५ असताना छतावरची काळी प्लेट ६५-७० अंशांवर जाते. म्हणजे उत्पादनातला सहावा-सातवा हिस्सा उन्हानेच खाल्ला. मे महिन्यात दिवस मोठा असूनही मोबाइलवरच्या ॲपमध्ये मार्चचे दिवस सहसा सरस दिसतात आणि लोक इन्व्हर्टर बिघडला म्हणून फोन करतात. बिघडलेला नसतो. प्लेट आणि स्लॅब यांच्यात वारा खेळायला जागा ठेवली तर चार-सहा अंशांचा फरक पडतो. पत्र्याला चिकटवून लावलेल्या प्लेटा म्हणून जास्त तापतात. पावसाळ्यात उलटी गोष्ट: जुलै-ऑगस्टच्या झडीत उत्पादन निम्म्यावरही येते, पण तेव्हा कुलरही माळ्यावर गेलेला असतो.

धूळ हा वऱ्हाडातला दुसरा कर. एप्रिल-मेमध्ये नांगरून पडलेल्या काळ्या शेतांवरून वावटळ उठते ती थेट गावातल्या स्लॅबवर येऊन बसते. महिनाभर प्लेटा पुसल्या नाहीत तर बोटाने नाव लिहिता येते. ओल्या फडक्याने पुसणे, इतके सोपे काम. पण पाणी कोणते, हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या माणसाला पडणार नाही, तो इथे पडतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतून गेलेला खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, बाळापूर या बाजूंच्या कित्येक गावांत बोअरचे पाणी इतके खारे की डाळ शिजत नाही. त्याच पाण्याचा पाइप दुपारी तापलेल्या काचेवर मारला की पाणी उडून जाते आणि मागे पांढरा थर राहतो. चार-सहा वेळा असे झाले की तो थर फडक्याने निघत नाही. मग कुणी ॲसिड वापरतो, कुणी तारेचा ब्रश, आणि काचेवरचा लेप जातो तो कायमचा. प्लेटा पुसायच्या तर उजाडताना, काच थंड असताना, नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने. अकोल्याला नळाचे पाणी येते ते महानच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धातून, दोन्ही गोडे. नळाचा दिवस असेल त्या दिवशी दोन बादल्या बाजूला काढून ठेवाव्यात, तेवढ्यात सहा प्लेटा होतात. बाईला वेगळे पैसे देऊन हे काम सांगायचे असेल तर तेही खर्चात धरावे. आणि छतावर चढणारा माणूस पडू नये म्हणून कठडा आहे का, हेही पाहावे. कोटेशनमध्ये ते नसते.

सावलीचेही असेच. शेजारच्या कडुनिंबाची किंवा स्वतःच्याच काळ्या टाकीची सावली सकाळी एका प्लेटेवर पडली तर नुकसान तेवढ्या प्लेटेपुरते राहत नाही. ओळीने जोडलेल्या सगळ्याच प्लेटांना ती मागे ओढते. टाकी चार फूट सरकवायला प्लंबर हजार-दोन हजार घेईल. वर्षाकाठी वाचणाऱ्या युनिटांत ते निघून जातात.

वादळाची गोष्ट थोडी गंभीर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट आणि मेच्या शेवटी वळवाचा वारा, या दोन्हींचा वऱ्हाडाला चांगला परिचय आहे. प्लेटांची काच साधारण २५ मिलिमीटरची गार सोसेल अशी तपासलेली असते. लिंबाएवढी पडली तर देवावर हवाला. वाऱ्याचे मात्र आपल्या हातात असते. इकडे सगळ्यांना स्ट्रक्चर उंच हवे असते आणि त्याला कारणही आहे: उन्हाळ्यात स्लॅबवर कुरड्या, पापड, सांडगे वाळतात, तुरीची डाळ वाळते, रात्री बिछाने पडतात. सात-आठ फूट उंचावर प्लेटा नेल्या की खालची जागा मोकळी राहते, वर सावली मिळते. पण उंच स्ट्रक्चर म्हणजे वाऱ्याला दिलेले शीड. लोखंड जाड हवे, पाय सिमेंटच्या ठोकळ्यांत हवेत, आणि स्लॅबला भोके पाडली असतील तर ती पहिल्या पावसाआधी नीट बुजवलेली हवीत. पाच-दहा हजार वाचवायला इथे कात्री लावणाऱ्याला पुढे स्लॅब गळण्याचा खर्च येतो. मेळघाटाच्या पायथ्याला, परतवाडा-अचलपूरकडे, वानरांचे टोळके उड्या मारायला हीच नवी जागा शोधते, तेव्हा वायरी पाइपात बंद असाव्यात हे वेगळे सांगायला नको.

एक फायदा कुणाच्या तक्त्यात नसतो. दिवसभर सावलीत राहिलेला स्लॅब रात्री कमी तापतो. वरच्या खोलीत राहणाऱ्यांना हा फरक पहिल्याच एप्रिलमध्ये कळतो. त्याचे रुपये काढता येत नाहीत, पण कुलर तासभर आधी बंद होतो हे खरे.

विकायला आलेला पोरगा आणि घरमालक यांचे बोलणे कुठेही ऐकले तरी साधारण एकच असते. “काकाजी, बिल झिरो येईन.” “झिरो म्हंजे अजिबातच नाई?” “शंभर-दीडशे येईन जी, फिक्स चार्ज. बाकी झिरो.” “अन् लाईन गेली त कुलर चालन का?” इथे पोरगा चहाचा घोट घेतो. “त्याले ब्याटरी लागते, काकाजी.”

काकाजींचा प्रश्न बरोबर आहे. साधे, लाईनशी जोडलेले सोलर लाईन गेल्याबरोबर बंद पडते. भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन असतानाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर तुमच्या छताची वीज येऊ नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. नियम योग्य आहे, पण दीड-दोन लाखांची वस्तू बसवून अंधारात बसावे लागते, हे आधी कुणी सांगत नाही. मेमधल्या वादळात तार तुटली, ट्रान्सफॉर्मर उडाला, की गावात सोलरवाला आणि बिनसोलरवाला एकाच ओट्यावर हातपंखा घेऊन बसतात. लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर हा प्रश्न सुटतो, पण खर्च लाख-दीड लाखाने वाढतो आणि तीन वर्षांची वसुली सहा-सात वर्षांवर जाते. घरात ऑक्सिजन मशीन असलेला रुग्ण असेल, दवाखाना असेल, तर ती घ्यावी. एरवी पंखा-दिव्यापुरता जुना इन्व्हर्टर आणि त्याची पाण्याची बॅटरी आहे तशी राहू द्यावी. मला बॅटरीचा आग्रह आजच्या भावाला पटत नाही.

लाईन असूनही सोलर थांबते, असाही एक प्रकार असतो. एकाच ट्रान्सफॉर्मरवर बरीच सोलर घरे झाली की दुपारी, सगळे बनवतात आणि कुणी वापरत नाही अशा वेळी, व्होल्टेज वर चढते. ठरलेली मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर सुटतो, थोड्या वेळाने परत लागतो, परत सुटतो. ॲपमध्ये आलेख करवतीसारखा दिसतो. हे दिसले की तक्रार लेखी द्यावी आणि आलेखाचा फोटो जोडावा, कारण घरातल्या वायरिंगमध्ये दोष शोधत बसल्याने काही हाती लागत नाही.

आता महिना शंभराच्या आत वापरणारे घर. महावितरणचे बहुसंख्य घरगुती ग्राहक याच गटातले. नव्वद युनिटे वाचली तर महिन्याला सहाशे रुपयांच्या आसपास, वर्षाला सात-साडेसात हजार. एक किलोवॅटला अनुदान जाऊन पस्तीस-चाळीस हजार पडतात, वसुलीला पाच वर्षे. याच घराने कुणाच्या सांगण्यावरून तीन किलोवॅट बसवले तर उरलेली युनिटे ३ रुपयांनी विकूनही सात वर्षे लागतात. सुरुवातीला म्हटलेला तो सात वर्षांचा शेजारी हाच. त्याने ऊन वाया घालवले नाही, त्याने स्वस्तातले युनिट वाचवायला महागाची वस्तू घेतली.

या घरांसाठी २०२५ मध्ये राज्य सरकारने ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली. एक किलोवॅटची किंमत ५०,००० धरून केंद्राच्या ३०,००० वर राज्य भर घालते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने अडीच हजार भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाने पाच हजार, आणि शंभर युनिटांच्या आत वापरणाऱ्या इतरांनी दहा हजार. दहा हजारांत वर्षाला सात हजार वाचत असतील तर त्याहून चांगला सौदा नाही; दीड वर्षात पैसे परत. अडचण पैशाची उरत नाही, छताची उरते. टिनाच्या छपराला खालून लाकडी वासे असतील, किंवा जुने धाब्याचे घर असेल, तर प्लेटांचे आणि वाऱ्याचे ओझे त्यावर कसे घालायचे? शिवाय मीटर कुणाच्या नावावर आहे? वारलेल्या आजोबांच्या नावावरच्या मीटरवर वऱ्हाडातली कितीतरी घरे चालतात. अर्ज करण्याआधी नाव बदलून घ्यावे लागते आणि भावकीत वाटण्या झालेल्या नसतील तर तेवढ्यावर सगळे अडते. अनुदान वाढवून हा पेच सुटत नाही.

कर्जाची बाजू त्या मानाने सोपी आहे. तीन किलोवॅटपर्यंत राष्ट्रीयीकृत बँका तारण न घेता सहा-सात टक्क्यांनी कर्ज देतात. लाखाला सात टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता दोन हजारांच्या आत बसतो. आपल्या मध्यम घराचे महिन्याला अडीच-तीन हजार वाचतात, तेव्हा हप्ता बचतीतूनच जातो. अनुदान मात्र मीटर लागल्यावर खात्यात येते, तोवर पूर्ण रक्कम उभी करावी लागते. रोख असलेल्याने एफडी मोडावी का? १,१७,००० ची एफडी सात टक्क्यांनी वर्षाला आठ हजार देते आणि मुद्दल शाबूत राहते. सोलर अडतीस हजार देते, पण मुद्दल छतावर जाऊन बसते. ते परत मागता येत नाही. चौथे वर्ष संपता संपता सोलर पुढे जाते. सत्तरीतल्या एकट्या माणसाने हाताशी असलेली शेवटची एफडी यासाठी मोडू नये, असे माझे मत आहे, आकडे काहीही सांगोत.

पुढच्या खर्चांबद्दल थोडक्यात. योजनेत पाच वर्षे देखभाल पुरवठादाराकडे असते. इन्व्हर्टर दहा-बारा वर्षांनी बदलावा लागतो, तेव्हा तीस-चाळीस हजार बाजूला ठेवलेले बरे. प्लेटा वर्षाला अर्धा-पाऊण टक्का झिजतात आणि पंचवीस वर्षांनी मूळच्या चार पंचमांशाच्या वर उत्पादन देण्याची हमी असते. हमी देणारी कंपनी तोवर असेल का, हा वेगळा विषय.

विकणारे दाखवतात त्या पंचवीस वर्षांच्या तक्त्यावर माझा विश्वास नाही, तो केवळ याच कारणाने नव्हे. त्या तक्त्यात दर साल विजेचे दर पाच टक्क्यांनी वाढतात आणि नेट मीटरिंगचा नियम पंचवीस वर्षे जसाच्या तसा राहतो. दोन्ही गृहीतके कच्ची आहेत. २०२५ मध्ये दर उतरवण्याचे आदेश निघाले आणि त्यावरून वाद झाला. त्याच दरनिश्चितीच्या वेळी दिवसा बनलेली युनिटे दिवसाच्याच वापरातून वजा करावीत, रात्रीच्या वापरातून नव्हे, असा प्रस्ताव चर्चेत आला आणि सोलर ग्राहकांत खळबळ उडाली. दिवसा घर बंद ठेवून नोकरीवर जाणाऱ्या नवरा-बायकोचे सोलर अशा नियमाने जवळजवळ निकामी होईल. दिवसभर घरी असणाऱ्यांचे, पिठाच्या गिरणीचे, शिवणकामाच्या घराचे फारसे बिघडणार नाही.

महावितरणच्या बाजूने पाहिले तर प्रस्तावामागचे दुखणे समजते. दुपारी एकला वीज मुबलक आणि स्वस्त असते, सायंकाळी सातला महाग. दुपारी तुमच्याकडून घेतलेल्या युनिटाच्या बदल्यात सायंकाळी जे युनिट तुम्हाला मिळते ते कुठून येते? पारसच्या २५० मेगावॉटच्या दोन संचांतून, नांदगाव पेठेच्या १,३५० मेगावॉटच्या प्रकल्पातून किंवा तसल्याच कुठल्या कोळशाच्या भट्टीतून. ती वाहून आणायचा खर्च आहेच. शिवाय तीनशेच्या पुढचा ग्राहक अठरा रुपये देत होता म्हणून शंभराच्या आतल्याला सातच्या आत वीज मिळत होती. तो वरचा ग्राहक सर्वांत आधी सोलर बसवतो, कारण फायदा त्यालाच जास्त. मग खालच्याचा भार कोण उचलणार? हा प्रश्न कधीतरी दरपत्रकात उतरणारच. म्हणून सोलरचा निर्णय घेताना पुढच्या पाच-सहा वर्षांपलीकडचा नफा हिशेबात धरू नये. तेवढ्यात पैसे वसूल होत असतील तर बसवावे, नंतरचे मिळेल ते वरकड. दोन किलोवॅटचे मध्यम घर या कसोटीला आरामात उतरते, शंभराच्या आतले ‘स्मार्ट’मधून उतरते, तिसरा किलोवॅट काठावर आहे, बॅटरी नापास.

फ्लॅटवाल्यांना यात जागा कमी. राजापेठ असो की जठारपेठ, इमारतीची गच्ची सगळ्यांची असते आणि वीस घरांचे एकमत होईतो बिल्डरने ठेवलेला टॉवरच सगळी जागा खातो. सामाईक मीटरसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे. ते सोसायटीने घेतले तर देखभाल खर्च उतरतो. तिथून सुरुवात करणे सोपे.

आणि ज्यांच्या स्लॅबवर खांबांच्या सळया अजून वर आलेल्या आहेत, त्यांनी थोडे थांबावे. अमरावतीच्या नव्या वसाहतींत असे घर दर दोन-चार घरांआड दिसते: मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवायचा बेत असतो, म्हणून सळयांना प्लास्टिकच्या बाटल्या उपड्या घालून ठेवलेल्या. बसवलेले सोलर उतरवून, वर मजला झाल्यावर पुन्हा चढवायचे तर मजुरी, नवे स्ट्रक्चर आणि नवी वायरिंग मिळून चाळीस-पन्नास हजार सहज जातात, आणि मधले सहा-आठ महिने बिल पूर्ण येते. मजला दोन वर्षांत होणार असेल तर आधी मजला. होणार की नाही हेच नक्की नसेल, तर स्ट्रक्चर नटबोल्टचे घ्यावे, वेल्डिंगचे नको, आणि पाय सळयांपासून दूर ठेवायला सांगावे.